मॅस्टोडॉनवर येताय? आधी सर्व्हर बघून घ्या

मॅस्टोडॉन म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या अनेक सर्व्हरचं मिळून बनलेलं सोशल नेटवर्क. सगळ्यात मोठा सर्व्हर दिसला म्हणून लगेच तिथे खातं उघडू नका. तो चालवतं कोण, नियम काय, खर्च कसा भागतो, हे आधी वाचा. खातं कुठेही असलं तरी बहुतेक सर्व्हरवरच्या माणसांना फॉलो करता येतं. २०१८ साली मानक ठरलेला अ‍ॅक्टिव्हिटीपब प्रोटोकॉल, म्हणजे सर्व्हरनी एकमेकांशी बोलायचे नियम, त्यासाठीच आहे. जाहिराती नाहीत, पोस्टी वेळेच्या क्रमाने दिसतात, हे सुख फार मोठं. पण सर्व्हर कायमचा बंद झाला की खातंही गेलं. वेळेत कळलं तर फॉलोअर नव्या खात्यावर नेता येतात, जुन्या पोस्टी मात्र नाही. म्हणून फॉलो केलेल्यांची यादी (सीएसव्ही फाइल) सेटिंग्जमधून अधूनमधून उतरवून ठेवा. आणि खाजगी मेसेजमध्ये फोन नंबर, पत्ता अजिबात लिहू नका. सर्व्हर चालवणाऱ्याला ते वाचता येतात.