बातूरचं पाणी धरून चला

प्रश्न: पाच दिवस बालीत आहोत. चार समुद्रावर जातील, एक दिवस ज्वालामुखी आणि देवळांसाठी मोकळा आहे. गाडीवाला म्हणतो, बातूर ज्वालामुखीवरचा सूर्योदय आणि लेम्पुयांग, बेसाकीह, तानाह लोत ही देवळं, सगळं एका दिवसात दाखवतो. जमेल का? (वाचक, नाशिक)

उत्तर: दाखवेल, पण गाडीच्या काचेतून. लेम्पुयांग बेटाच्या पूर्व टोकाला, तानाह लोत नैर्ऋत्य किनाऱ्यावर, आणि मधले रस्ते अरुंद. लेम्पुयांगच्या दरवाजासमोर फोटोत दिसणारं तळं तिथे नाहीच. फोनच्या भिंगाखाली आरसा धरून ते प्रतिबिंब काढतात, आणि त्यासाठी तासन्‌तास रांग लागते. खुशाल वगळा.

त्याऐवजी एकच पाणलोट धरा. ज्वालामुखीच्या पायथ्याशी असलेल्या बातूर सरोवरातून एकही नदी बाहेर पडत नाही. डोंगरात मुरलेलं पाणी दक्षिण उतारावर झरे होऊन निघतं आणि शेतकरी ते सरोवराच्या देवी दानूचं देणं मानतात. ताम्पाकसिरिंगचं तीर्ता एम्पुल हा असाच झरा. त्याच्या पाण्यावर पुलागानची भातखाचरं पिकतात, आणि थोडं खाली पाकेरिसान नदीच्या घळीत गुनुंग कावीची कोरीव स्मारकं आहेत. हे पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघटनेला सुबाक म्हणतात. मोसम-पांझराकाठची फड पद्धत पाहिलेल्याला ती लगेच कळेल; फरक इतकाच की इथे पाळीचा हिशेब देवळाशी बांधलेला असतो. 2012 साली युनेस्कोने सुबाकची खाचरं, सरोवर आणि त्याचं देऊळ एकाच जागतिक वारशात नोंदवलं.

मुक्काम उबुदला ठेवा. रात्री दोनला निघालात तर साडेतीनपर्यंत बातूरच्या पायथ्याच्या तोया बुंगकाह गावात पोचता. चारला चढाई, सहा ते साडेसहाच्या दरम्यान सूर्योदय (महिन्याप्रमाणे बदलतो), नऊपर्यंत खाली. मग गरम पाण्याच्या कुंडात तासभर, नाश्ता, आणि पाऊण तासावर ताम्पाकसिरिंग. क्रम उलटा करू नका. दुपारनंतर कड्यावर ढग चढले की सरोवरही दिसत नाही आणि डोंगरही. कोरडा मोसम एप्रिल ते ऑक्टोबर.

प्रश्न: आम्ही दोघं साठीच्या आसपास. कळसूबाई दोनदा केलं आहे. बातूर झेपेल? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर: उंची जवळपास सारखीच, कळसूबाई 1,646 मीटर आणि बातूर 1,717. सरोवरच हजार मीटरच्या वर असल्याने चढ मात्र साधारण सातशे मीटरचाच भरतो. अवघड आहे ती जमीन. कळसूबाईला कातळ, पायऱ्या आणि शिड्या आहेत. इथे शेवटच्या टप्प्यात सुटा, हलका, काळा लाव्ह्याचा चुरा. दोन पावलं टाकावीत तर एक मागे घसरतं. चढताना दम लागतो, पण पडतात ते उतरताना. गुडघे थोडे वाकवा, पावलं छोटी टाका, टाच आधी रुतवा. घोट्यापर्यंतचे बूट, कपाळावर बांधायची बॅटरी, माणशी दीड लिटर पाणी आणि जाडसर जाकीट घ्या. चढताना आलेला घाम वर वाऱ्यात गारठतो, म्हणून एक कोरडा शर्टही असू द्या. स्थानिक वाटाड्या घ्यावाच लागतो. वरच्या वाफेच्या भेगांत तो अंडी उकडून देईल. पिशव्या मात्र माकडांपासून सांभाळा.

गुडघे कुरकुरत असतील तर जीप घ्या. ती समोरच्या उतारावरून सूर्योदय दाखवते आणि परतताना काळ्या लाव्ह्याच्या मैदानातून नेते. तेही नको असेल तर सकाळी आठला पेनेलोकानच्या कड्यावर उभे राहा, ज्वालामुखीचं अख्खं कुंड समोर असतं. 1926 च्या उद्रेकात खालचं बातूर गाव देवळासकट लाव्ह्याखाली गेलं. आज कड्यावर दिसतं ते त्यानंतर वसवलेलं.

प्रश्न: तीर्ता एम्पुलला आपल्याला स्नान करता येतं का? विधी काय? (वाचक, ठाणे)

उत्तर: येतं. नेसून गेलेलं सारोंग कुंडात चालत नाही. स्नानाचं वेगळं भाड्याने मिळतं, ते आणि कमरेचा पट्टा बांधा, सामान कपाटात ठेवा. आधी नमस्कार. मग डावीकडच्या पहिल्या धारेपासून सुरुवात. हात जोडायचे, ओंजळीने तोंड धुवायचं, मग डोकं धारेखाली. रांग मोडू नका. एका ठिकाणी हमखास चूक होते. दोन धारा मृतांच्या विधीसाठी आहेत, त्या वगळायच्या. कोणत्या, ते पाण्यात उतरण्याआधीच तिथल्या सेवकाला विचारा. पुढच्या पर्यटकाकडे पाहून ठरवू नका, त्यालाही ठाऊक नसतं. पाणी गिळू नका. पाळी सुरू असताना देवळात प्रवेश नसतो, तशी पाटी दाराशीच असते.

प्रश्न: गुनुंग कावी म्हणजे बालीचं वेरूळ का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: वेरूळच्या अपेक्षेने गेलात तर हिरमोड होईल. अकराव्या शतकातली ही दहा स्मारकं सुमारे सात मीटर उंचीची आहेत, नदीच्या एका काठाला पाच, समोर चार आणि एक बाजूला. ती मंदिराची दर्शनी बाजू आहेत, आत शिरायला गाभारा नाही. आपला बेसाल्ट थंड झालेल्या लाव्ह्याचा, कठीण. इथला खडक राखेचा, मऊ, म्हणून झटपट कोरला जातो आणि झटपट झिजतोही. भिक्षूंच्या खोल्या मात्र शेजारीच आहेत, त्या चुकवू नका. खाली उतरायला तीनशेहून जास्त पायऱ्या, दोन्ही बाजूंनी खाचरं. सकाळी बातूर चढून आलात तर इथे चारनंतर या. परतीची चढण उन्हात नको.

प्रश्न: शाकाहारी जेवण? (वाचक, सांगली)

उत्तर: तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), तोफू, गादो-गादो (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या) भरपूर मिळतं. फसवते ती सांबल चटणी, तिच्यात बहुधा तेरासी, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा लगदा असतो. ‘तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा तेरासी’ (मांस, मासे, तेरासी नको) असं तिन्ही सांगा. नुसतं ‘व्हेज’ म्हटलं तर तेरासी राहते. वाटेवर लुवाक कॉफीची, म्हणजे उदमांजराच्या विष्ठेतून काढलेल्या बियांच्या कॉफीची दुकानं लागतील. पिंजऱ्यातली ती जनावरं पाहून कॉफी गोड लागणार नाही; बातूरभोवतीच्या किंतामानी भागातली साधी अराबिका घ्या.

प्रश्न: पाडव्याच्या सुट्टीत जायचं आहे. (वाचक, पुणे)

उत्तर: आधी न्येपीची तारीख पाहा. बालीतही शक संवत्सर चालतं आणि न्येपी हा त्याचा वर्षारंभ. 2023 मध्ये 22 मार्चला आणि 2026 मध्ये 19 मार्चला पाडवा आणि न्येपी एकाच दिवशी. अधिक मासाचा मेळ बसत नाही तेव्हा महिन्याचा फरक पडतो. 2024 मध्ये न्येपी 11 मार्चला, पाडवा 9 एप्रिलला. न्येपीच्या दिवशी सकाळी सहापासून चोवीस तास विमानतळ बंद, रस्त्यावर कोणी नाही, दिवे मंद. पर्यटकांनीही हॉटेलबाहेर पडायचं नसतं, म्हणजे बातूरही नाही. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह या राक्षसांच्या पुतळ्यांच्या मिरवणुका निघतात, त्या पाहण्यासारख्या. विमानाचं तिकीट न्येपीच्या दोन दिवस आधी पोचणारं काढा आणि डोंगराचा दिवस त्याच्या दुसऱ्या दिवशीनंतर ठेवा.