यूएफओचा (आकाशात दिसणाऱ्या, ओळख न पटलेल्या वस्तूंचा) अभ्यास करणाऱ्यांचे मृत्यू इतके संशयास्पद का असतात? त्यांना खरंच संपवलं जातं का?

प्रश्नाखाली तुम्ही चार नावं दिली आहेत: जेसप, रपेल्ट, फ्रँक एडवर्ड्स, मॅकडोनाल्ड. हीच यादी मला व्हॉट्सअ‍ॅपवर तीनदा आली आहे. तिसऱ्यांदा आली तेव्हा खाली पाचवं नाव जोडलेलं होतं, आमच्या बार्शीतल्या एका हायस्कूल मास्तरचं. म्हणून लिहितोय, नाहीतर असल्या प्रश्नांवर मी थांबत नाही.

उत्तर आधी देऊन टाकतो. नाही, कोणी संपवत नाही.

मी ३१ वर्षं आयुर्विम्याच्या नोकरीत काढली, त्यातली १९ डेथ क्लेमच्या टेबलावर. तिथे बसलं की एक गोष्ट अंगवळणी पडते: कुठलाही मृत्यू जवळून बघा, संशयास्पदच दिसतो. दाखल्यावरची वेळ आणि ग्रामपंचायतीच्या नोंदीतली वेळ जुळत नाही. माणूस विहिरीवर आणि चष्मा घरी. चपला एकाच पायाच्या दोन. सगळे कागद पहिल्या फटक्यात जुळले तर उलट आम्हीच फाईल बाजूला काढायचो.

एडवर्ड रपेल्ट अमेरिकी हवाई दलाच्या प्रोजेक्ट ब्लू बुकचा, म्हणजे यूएफओंच्या सरकारी चौकशीचा, प्रमुख होता, 'यूएफओ' हा शब्द त्यानेच रुळवला. १९५६ साली पुस्तक लिहिलं, १९६० च्या आवृत्तीत तीन प्रकरणं वाढवून 'यात काही नाही' असा सूर बदलला आणि त्याच वर्षी हार्टअटॅकने गेला. वय ३७. सदतिसाव्या वर्षी हार्टअटॅक येत नाही असं ज्याला वाटतं, त्याने माझ्या टेबलावर एक आठवडा बसायला हवं होतं. एडवर्ड्स रेडिओवरचा माणूस, तोही हृदयविकारानेच गेला, २३ जून १९६७ च्या रात्री. दुसऱ्या दिवशी २४ जून, म्हणजे केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला अमेरिकेत माउंट रेनियरजवळ नऊ उडत्या वस्तू दिसल्या आणि तबकड्यांचं वेड सुरू झालं, त्याला बरोबर वीस वर्षं. झालं, लोकांना तारीख मिळाली. एडवर्ड्स ५८ वर्षांचा होता हे कोणी सांगत नाही. आणि जेसप, यूएफओवर पुस्तकं लिहिणारा, त्याला सगळे 'डॉक्टर जेसप' म्हणतात. त्याची पीएचडी पुरी झालीच नव्हती. १९५९ च्या एप्रिलमध्ये फ्लोरिडात गाडीत मृत सापडला, त्याआधी बायको सोडून गेली होती, लिखाण परत येत होतं, मित्रांना निरवानिरवीची पत्रं गेली होती. यात सीआयएला करायला काम काय उरतं?

१९७१ मध्ये ऑटो बाइंडर नावाच्या कॉमिक्सवाल्या लेखकाने दहा वर्षांत १३७ यूएफओ संशोधक मेले असा आकडा छापला. आकडा ऐकला की छातीत धस्स होतं. आता हिशोब करा. क्लब, मासिकं, वर्गणीदार सगळे धरून अमेरिकेत असे ३,००० लोक होते असं समजू (मी कमीच धरतोय), बहुतेक मध्यमवयीन पुरुष. दर हजारी वर्षाला पाच मृत्यू धरले तर वर्षाला १५, दहा वर्षांत १५०. म्हणजे १३७ मेले असतील तर मंडळी तब्येतीने जरा बरीच होती म्हणायची. आणि डोनाल्ड कीहो? सरकार लपवतंय म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडणारा तो. ९१ वर्षं जगला. त्याला मारायचं राहून गेलं काय?

(आपल्याकडे अणुशास्त्रज्ञ होमी भाभांचं असंच. २४ जानेवारी १९६६ ला आल्प्समधल्या माँ ब्लाँवर त्यांचं एअर इंडियाचं विमान आदळलं, ११७ माणसं गेली, आणि साठ वर्षं कटाच्या गोष्टी चालू आहेत. त्याच डोंगरावर ३ नोव्हेंबर १९५० ला एअर इंडियाचंच 'मलबार प्रिन्सेस' आदळलं होतं, ४८ गेले. त्यात नाव घेण्यासारखं कोणी नव्हतं, म्हणून कटही नाही.)

आता मास्तर.

शाळेपासूनचा मित्र. विज्ञान शिकवायचा, थोडी शेती होती, रात्रीची लाईट असली की पाणी द्यायला जायचा. २००३ च्या जानेवारीत एका पहाटे मोटर बंद करून निघाला तर पूर्वेला वर काहीतरी लांबोळकं, चमकणारं. आवाज नाही, लुकलुकणं नाही. हलतही नव्हतं. उजाडेपर्यंत होतं, मग फिकट होत गेलं. मास्तर भाबडा नव्हता. भानामतीची आवई उठली की त्या गावात जाऊन हातचलाखी करून दाखवणारा माणूस. त्यामुळे त्याला काहीतरी दिसलं एवढं तरी मी मान्य करायला हवं होतं.

त्याऐवजी मी स्टँडसमोरच्या टपरीवर त्याचं नाव ठेवलं, 'तबकडी मास्तर'.

नाव चिकटलं. आठ दिवसांत शाळेत पोचलं. पोरं त्याचा तास सुरू व्हायच्या आत फळ्यावर तबकडी काढून ठेवायला लागली. हेडमास्तरांनी बोलावून 'आवरा आता' म्हणून सांगितलं. नाव कोणी ठेवलं ते मास्तरने मला कधी विचारलं नाही, त्याला माहीत होतं. एकदा एवढंच म्हणाला, "तू आलास तर बरं होईल रे. दोघं गेलं की लोक नीट सांगतात." मी म्हटलं, क्लोजिंग आहे, मार्चनंतर बघू.

तो एकटाच फिरला. वैराग, पांगरी, पार येडशीपर्यंत. शाळा सुटली की मोटरसायकल काढायची. शंभर पानी वहीत प्रत्येकाची नोंद: कोणी बघितलं, किती वाजता, कुठल्या दिशेला, हात लांब करून किती मुठी वर. (एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश, हे तो पोरांना शिकवायचा.) फेब्रुवारीत ती वही त्याने मला दिली. "तू आकड्यातला माणूस, बघ काही जुळतंय का." मी ती ऑफिसात नेली आणि चहाच्या वेळेला मोठ्याने वाचून दाखवली. सगळे हसले. मीही.

जुळत होतं, हे मला नंतर कळलं. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र आहे. तिथून संशोधनासाठी प्लॅस्टिकचे प्रचंड फुगे सोडतात, ते तीस-पस्तीस किलोमीटर आणि त्याहूनही वर जातात. पॅराशूटला बांधलेले उपकरणांचे डबे आपल्या सोलापूर, धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) भागात येऊन पडतात. 'डबा उघडू नका, जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा' अशी सूचना पेपरात येते ती त्याचीच. इतक्या उंचीवर सूर्य खालच्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो, त्यामुळे खाली अंधार आणि वर फुगा लखलखतोय. ७ जानेवारी १९४८ ला केंटकीत कॅप्टन मँटेल अशाच चकाकत्या वस्तूच्या मागे विमान घेऊन गेला. सोबत ऑक्सिजन नव्हता, वीस हजार फुटांच्या वर गेला, शुद्ध हरपली आणि कोसळला. वय २५. ते बहुधा नौदलाचे गुप्त स्कायहूक फुगे होते, त्याला बिचाऱ्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. मास्तरला दिसलं ते फुगाच होतं असं मी स्टॅम्पपेपरवर लिहून देणार नाही. पण वहीतल्या दिशा आणि मुठी तसंच सांगतात.

फेब्रुवारी संपता संपता त्याला कोणीतरी सांगितलं की येडशीकडे एका शेतात डबा पडला होता. शाळा सुटल्यावर गेला. परत येताना रात्री नऊच्या सुमाराला रस्त्यात उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. रिफ्लेक्टर नाही, मागे साधी झाडाची फांदीसुद्धा टाकलेली नाही. मास्तर जागच्या जागी गेला.

मेहुणा पुण्याहून आला. वहिनींचा थोरला भाऊ, आम्ही सगळे भाऊसाहेब म्हणायचो. त्याने पिशवी तपासली: टॉर्च आहे, पेन आहे, जेवणाचा रिकामा डबा आहे, वही नाही. "पेन हाय आन् वही न्हाई, म्हंजे काय?" तिथून सुरू झालं. वही माझ्या ड्रॉवरमध्ये होती. हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं, पण मग माझ्याकडे कशी आली, ऑफिसात काय चाललं होतं, सगळंच सांगावं लागलं असतं. तेरावा झाल्यावर मी वही वहिनींच्या हातात दिली. भाऊसाहेब समोरच बसलेले. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, पान ४१ नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला कोणी मॅनेज केलं?"

पोलिसांत घातपाताचा अर्ज गेला. इकडे मास्तरची पॉलिसी आमच्याच शाखेत, एक लाखाची, अपघाती मृत्यू झाला तर आणखी एक लाख. मूळ रक्कम लगेच सुटली. अपघाताची अडकली, कारण घातपाताचा अर्ज असताना पोलिसांचा अंतिम अहवाल आल्याशिवाय साहेब सही करेनात. चौदा महिने. दोन लहान मुलं घेऊन वहिनी शाखेत यायच्या, आणि 'कागदपत्रे अपूर्ण' हे पत्र माझ्या सहीने जायचं. ट्रॉलीवाल्यावर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावा म्हणून मी हात जोडले. भाऊसाहेबांनी लावू दिला नाही. दावा लावला म्हणजे अपघात होता असं कबूल केल्यासारखं होईल म्हणे. ट्रॉलीवाला पुढच्या हंगामात त्याच ट्रॉलीतून ऊस ओढत होता.

कटाची गोष्ट अशी असते बघा. एक अदृश्य मारेकरी उभा केला की डोळ्यासमोरचे सगळे सुटतात. ट्रॉलीवाला सुटला. शाळा सुटली. मी तर कधी यादीतच नव्हतो.

म्हणून मॅकडोनाल्डचं नाव असं फेकलेलं मला सहन होत नाही. जेम्स मॅकडोनाल्ड हा अ‍ॅरिझोना विद्यापीठातला वातावरणशास्त्रज्ञ, तुमच्या चारांतला खरा अभ्यासक तोच. शेकडो साक्षीदारांशी तो स्वतः बोलला होता, १९६८ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे यूएफओवर साक्ष दिली होती. मार्च १९७१ मध्ये तो पुन्हा समितीपुढे गेला, वेगळ्याच विषयावर: स्वनातीत (आवाजापेक्षा वेगवान) प्रवासी विमानांमुळे ओझोनचा थर विरळ होईल आणि त्वचेचा कर्करोग वाढेल. त्याला उत्तर देण्याऐवजी एका सदस्याने तबकड्यांचा विषय काढला आणि हशा पिकला. ओझोन, अतिनील किरणं, कर्करोग हे आज शाळेच्या पुस्तकात आहे. तेव्हा घरीही संसार मोडत होता. एप्रिलमध्ये त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला, त्यात वाचला पण दृष्टी गेली. १३ जूनला टूसानजवळ एका पुलाखाली मृत सापडला, शेजारी चिठ्ठी. 'आंधळा माणूस तिथे पोचला कसा?' हा कटवाल्यांचा हुकमी प्रश्न. अहो, त्याला थोडं दिसायला लागलं होतं. त्या दिवशी समितीत कोण कोण हसलं, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

आता दुसरी बाजू, नाहीतर मलाही कोणीतरी मॅनेज केलंय म्हणाल. सरकारं खोटं बोलतात. १९५३ साली सीआयएच्या रॉबर्टसन समितीने यूएफओचं कुतूहल कमी करायला आणि खासगी गटांवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, ते कागद आता उघडे आहेत. आणि पॉल बेनेविट्झची केस तर वाईटच. न्यू मेक्सिकोत कर्टलंड हवाई तळाजवळ राहणारा उद्योजक. तळावर दिसणारे दिवे आणि सिग्नल टिपायला लागला, तर हवाई दलाच्या गुप्तचरांनी त्याला थांबवलं नाही, उलट परग्रहवासीयांचे बनावट कागद पुरवत गेले. १९८८ मध्ये घरच्यांना त्याला मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. बिल मूर नावाच्या यूएफओ संशोधकाने १९८९ मध्ये भर परिषदेत कबूल केलं की यात आपणही सामील होतो. बेनेविट्झ २००३ पर्यंत जगला, म्हणून तुमच्या यादीत तो नाही. त्याचं नाव घाला.

तेव्हा वरचं 'नाही' थोडं मऊ करून वाचा. गोळी घालून संपवल्याचा धड पुरावा मी एकाही केसमध्ये बघितलेला नाही. माणूस संपवायचे बाकीचे मार्ग असतात, आणि त्यातला एक टपरीवरून जातो.

तुमच्या ओळखीत असा आकाशाकडे बघत वही घेऊन फिरणारा कोणी असेल तर एखाद्या रविवारी त्याच्या मागे बसून जा. डोक्याला हेल्मेट, गाडीचा दिवा नीट, उसाच्या हंगामात रात्रीचं टाळा. आणि फॉरवर्डमध्ये बार्शीचं नाव आलं तर ते तेवढं काढून टाका, वहिनींना अजून लोक फोन करून विचारतात.

भाऊसाहेब, तुम्ही इथे असता हे मला माहीत आहे. वही वहिनींच्या कपाटात आहे, पुढच्या वेळी याल तेव्हा उघडा. मास्तरने दोन्ही बाजूंना आकडे घातले आहेत. ४० च्या समोर ४२ आहे आणि ४२ च्या पाठीवर ४३. मी पान फाडलं असतं तर ४१ बरोबर त्याच्या पाठीवरचं ४२ पण गेलं असतं. मास्तर आकडा चुकला होता, बास.