संशयी, संशयित आणि संशयाचा फायदा

प्रश्न असा आहे: पत्नीच्या खुनाच्या आरोपावरून एका माणसाला अटक झाली. बातमीत तो ‘संशयित आरोपी’ आहे, लोकांच्या बोलण्यात केव्हाच ‘खुनी नवरा’ झालाय. विचारणाऱ्यांनी स्वतः ‘संशयी पती’ असं लिहिलं, तर कुणीतरी टोकलं. बरोबर काय? आणि ‘कथित खुनी’ म्हटलं तर चालेल का?

टोकणाऱ्याचं बरोबर आहे. संशयी म्हणजे संशय घेणारा आणि संशयित म्हणजे ज्याच्यावर संशय आहे तो. एका ‘त’ने माणूस बोट दाखवणाऱ्यांतून उठून बोटासमोर येऊन बसतो. पंचाईत अशी की या विषयात एकच नवरा दोन्ही असू शकतो: आधी बायकोवर संशय घेणारा, नंतर जगाच्या संशयाचा धनी. ‘संशयी पती’ लिहिलंत की वाचणारा पहिलाच अर्थ घेणार.

तो घेणारच, कारण एक मथळा आपल्या डोळ्यांत पक्का बसलाय: ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’. जरा उलगडून बघा. कुणाचा संशय ते लिहिलेलं नाही, कुणाचं चारित्र्य तेही नाही, आणि तरी वाचताना कुणीही अडखळत नाही. ‘वरून’ हे शब्दयोगी अव्यय कारण सांगतं; ‘जमिनीच्या वादावरून’, ‘किरकोळ कारणावरून’ याच साच्यातले. म्हणजे पोलिसांनी जेमतेम जबाब घ्यायला सुरुवात केलेली असते, आणि इकडे खून कुणी केला आणि का केला, दोन्ही प्रश्न निकालात निघालेले असतात. वर जी बाई उत्तर द्यायला उरली नाही तिच्या चारित्र्याचा उल्लेख छापून मोकळे. माझ्या हाती असतं तर मी ‘पत्नीच्या खूनप्रकरणी पती अटकेत’ एवढंच ठेवलं असतं. ‘प्रकरणी’ हा मराठी बातमीदारीतला फार गुणी शब्द आहे. काय घडलं ते सांगतो, कुणी केलं याचा भार उचलत नाही.

‘संशय’ हा मूळ संस्कृत शब्द सम् अधिक शी, म्हणजे निजणे, यातून आलाय. मन या कुशीवरून त्या कुशीवर होतंय, असं चित्र डोळ्यांपुढे आणायला हरकत नाही. न्यायशास्त्रातल्या, म्हणजे कायद्याच्या नव्हे तर प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातल्या, सोळा पदार्थांत (विचाराच्या विषयांत) संशय तिसरा. त्याचं ठरलेलं उदाहरण आहे ‘स्थाणुर्वा पुरुषो वा’: अंधारात उभा दिसतोय तो खांब की माणूस? दोन्ही शक्यता जिवंत आहेत तोवरच तो संशय. त्याच यादीत तर्क आठवा आणि निर्णय नववा. आपल्या तर्कवितर्कांना हा मधला वेळ सोसत नाही. खांब दिसला रे दिसला की त्याला हात-पाय फुटतात आणि हातात सुरा येतो. (अटक आणि अटकळ यांत एका ‘ळ’चाच फरक आहे. व्युत्पत्ती म्हणून कुणी जोडू नये, पण अटक झाली की अटकळींना ऊत येतो खरा.)

बोलीत याला एक सुंदर लगाम आहे: ‘म्हणे’. ‘त्यानेच मारलं म्हणे.’ बोलणारा एका शब्दात सांगतो की मी पाहिलेलं नाही, ऐकलंय. आता हे वाक्य पुढे सरकताना ऐका. दुसरा म्हणतो, ‘त्यानेच मारलं ना!’ तिसरा म्हणतो, ‘त्याने मारलं तेव्हा शेजारी कुणीच कसं नव्हतं?’ म्हणे-चा ना झाला, आणि ना-चं ‘तेव्हा’ झाल्यावर खून हा वादाचा मुद्दाच उरला नाही, तो गृहीत धरून पुढची चौकशी सुरू झाली. नवी माहिती मात्र कुणीच आणली नाही. लिहिताना ‘म्हणे’ फार घरगुती वाटतं म्हणून आपण ते गाळतो. त्याच्या जागी ‘केल्याचा आरोप’, ‘केला असावा असा संशय’ असं काहीतरी यायला हवं, ते राहून जातं.

आता ‘आरोपी’. आरोप म्हणजे वर चढवणं. वृक्षारोपणातलं आरोपण तेच. वेदान्तात अध्यारोप म्हणतात तो दोरीवर साप चढवण्याला, म्हणजे दोरीलाच साप समजण्याला. काटेकोर संस्कृत बघितलं तर ज्याच्यावर चढवलं तो ‘आरोपित’ व्हायला हवा, आणि हिंदीत काहीजण हट्टाने तसं लिहितातही. मराठीत ‘आरोपी’ इतका रुळलाय की त्याला हात लावू नये. मात्र आरोपी म्हणजे आरोप असलेला, एवढंच. गुन्हेगार किंवा दोषी हे निकालानंतरचे शब्द. गुन्हा नोंदवताना नाव आलं की माणूस आरोपी होतो, त्याआधी नुसती विचारपूस चालू असेल तोवर संशयित. म्हणून ‘संशयित आरोपी’ ही दोन पायऱ्यांवर एकाच वेळी उभं राहण्याची कसरत आहे. बातमीदार ती सावधगिरीपोटी करतात हे कळतं, पण एक शब्द पुरे.

‘कथित’चं तसं नाही, तो चुकीच्या शब्दाला चिकटतो. ‘कथित आरोपी’ निरर्थक, कारण आरोप तर खराच आहे, वादात आहे तो खून. ‘कथित खुनी पती’मध्ये कथित नक्की कोण, खुनी की पती? ‘खुनी’ही तसा निसरडा आहे, कारण ‘खुनी हल्ल्या’त माणूस वाचलेलाही असू शकतो. फारसीत खून म्हणजे रक्त. मराठीने रक्ताला रक्तच ठेवलं आणि खून ठार मारण्यासाठी घेतला. त्यातही कायद्याच्या मराठीत खून वेगळा आणि सदोष मनुष्यवध वेगळा. भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, सदोष मनुष्यवधाची व्याख्या कलम १०० मध्ये आणि खुनाची १०१ मध्ये आहे. प्रत्येक खून सदोष मनुष्यवध असतो, उलट मात्र नाही. ‘ती पडली’ असं नवरा म्हणत असेल, तर ‘खून’ हा शब्दही अजून आरोपाचाच भाग आहे. पोलीस दफ्तरी सुरुवातीला ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद सापडते, ती उगाच नाही.

नवऱ्याकडे नजर जाऊच नये, असं मी म्हणत नाही. घरात दोघंच असतील तर काय घडलं ते त्यालाच ठाऊक असणार, हा विचार १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम १०६ मध्येही होता. पण आधी फिर्यादी पक्षाला आपली बाजू उभी करावी लागते, मग त्याच्याकडे खुलासा मागायचा.

आणि निकालात आपला शब्द तिसऱ्यांदा भेटतो: ‘संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता’. पहिला संशय नवऱ्याचा, दुसरा लोकांचा, हा तिसरा न्यायालयाचा, आणि तिघांत हाच एक आरोपीच्या बाजूचा. इथे संशय त्याच्यावरचा नाही, पुराव्यावरचा आहे. ‘संशय होता तरी सोडलं कसं?’ असं विचारणारे दोन वेगळे संशय एकाच तागडीत टाकतात. तुमच्या वाक्यात सध्या ‘आरोपी पती’ ठेवा. निकाल लागला की बदला.