बाळ ब्राँकिओलायटिसने (फुफ्फुसातल्या बारीक श्वासनलिकांना सूज) ऍडमिट आहे, रिपोर्टमध्ये आरएसव्ही बी आलंय, हा ए पेक्षा डेंजर असतो का?

नुसतं बी आलं म्हणून घाबरू नका. आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा व्हायरस, त्याचे ए आणि बी दोन्ही प्रकार जगभर फिरतात, एका सीझनला एक जास्त तर पुढच्या वेळी दुसरा, आणि कोणता जास्त त्रास देतो यावर अभ्यासांचं एकमत नाहीये. बी मधला बीए नावाचा उपप्रकार 1999 ला ब्युनोस आयर्समध्ये सापडला, ए मधला ओएन१ 2010 च्या हिवाळ्यात कॅनडात, दोन्ही पुढे सगळीकडे पसरले. ट्रीटमेंट मात्र तीच, लागला तर ऑक्सिजन, नाक मोकळं ठेवणं, दूध जात नसेल तर नळीने किंवा सलाईन. अँटिबायोटिक व्हायरसवर चालतच नाही. खरा फरक बाळामुळे पडतो, तीन महिन्यांच्या आतलं, वेळेआधी जन्मलेलं किंवा हृदयाचा जन्मजात प्रॉब्लेम असलेलं असेल तर जास्त जपावं लागतं. बरगड्या आत ओढल्या गेल्या किंवा ओठ निळसर दिसले तर लगेच सिस्टरना बोलवा.