पीएमपीच्या बस अमोनियावर का नाही चालवत?

तुमचा प्रश्न असा आहे की अमोनियात कार्बनच नाही, मग हायड्रोजनच्या भानगडीत न पडता पुण्यातल्या पीएमपीच्या सिटी बस थेट अमोनियाच्या फ्युएल सेलवर (म्हणजे इंधन न जाळता त्यातनं थेट वीज काढणारा सेल) का नाही चालवत. मी काही सायंटिस्ट नाही, हडपसरच्या पुढं एका कोल्ड स्टोरेजला कॉम्प्रेसर सांभाळतो, तिथं सगळा अमोनियाच, त्यामुळं या गॅसशी रोजची गाठ.

साठवायला तो सोपा, हे बरोबर. उणे ३३ डिग्रीला द्रव होतो, आणि नॉर्मल २५ डिग्रीला ठेवायचा तर १० बारच्या आसपास प्रेशर पुरतं. हायड्रोजनला उणे २५३ डिग्री लागतात, नाहीतर ३५० ते ७०० बारची टाकी. गंमत म्हणजे एक लिटर द्रव अमोनियात जेवढा हायड्रोजन असतो तेवढा एक लिटर द्रव हायड्रोजनमध्येपण नसतो.

घोडं पेंड खातं ते सेलपाशी. २०२२ ला केपीआयटी कंपनी आणि सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनी पुण्यात हायड्रोजन बस दाखवली होती ना, तसल्या गाड्यांत पीईएम सेल असतो, म्हणजे मधे पातळ पडदा (मेम्ब्रेन) असलेला हायड्रोजनचा फ्युएल सेल, ८० डिग्रीच्या आसपास चालतो, त्याचं मेम्ब्रेन अॅसिडिक आणि अमोनिया पडला अल्कली, त्यामुळं अगदी थोडा जरी गेला तरी सेल खराब होतो. त्या हायड्रोजनात अमोनिया ०.१ पीपीएमच्या (दहा लाखात ०.१ भागाच्या) वर चालत नाही. म्हणजे आधी गरम कॅटॅलिस्टवर अमोनिया फोडून हायड्रोजन वेगळा काढा, त्याला उष्णता द्या, मग उरलासुरला गाळून काढा, मग सेल. दुसरा सॉलिड ऑक्साइड सेल, तो ७००-८०० डिग्रीवर चालतो, अमोनिया आतल्या आतच फुटतो, बाहेर नायट्रोजन आणि पाणी, झकास काम. पण तो तापायलाच वेळ घेतो आणि सारखं गरम-गार केलं की आतलं सिरॅमिक तडकतं, त्यामुळं बसपेक्षा जहाजाला बरा, एकदा सुरू केला की दिवसचे दिवस चालू. २०२४ ला अमेरिकेत एमोजी कंपनीनी टगबोट, म्हणजे जहाजं ओढणारी बोट, हडसन नदीच्या उपनदीत चालवून दाखवलीच की, ती मात्र पहिल्या पद्धतीनं, आधी अमोनिया फोडून मग पीईएम सेलवर.

आता लीकचं. आम्ही जोडाजवळ पेटती गंधकाची काडी फिरवतो, गळत असेल तिथं पांढरा धूर उठतो. मागच्या वर्षी एका व्हॉल्व्हच्या ग्लँडमधनं (दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधनं) जरासा अमोनिया सुटला, तर डोळे असे झोंबले की दार कुठंय तेच दिसेना, हातानं भिंत चाचपत बाहेर आलो. आमच्याकडं मास्क आहे, पाण्याचा फवारा आहे, वारा कुठं वाहतोय ते बघून पळायचं हे सगळ्यांना पाठ आहे. स्वारगेटच्या बस स्टँडला संध्याकाळी सहाच्या गर्दीत कोण कुठं पळणार?

आणि कार्बन नाही म्हणता, पण आजचा बहुतेक अमोनिया नैसर्गिक वायू नाहीतर कोळशापासून बनतो, गॅसवाल्या प्लांटमध्येपण टनामागं साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो. सोलर किंवा पवनचक्कीच्या विजेवर बनवला तरच तुमचं म्हणणं खरं.

मी मालकांना म्हणलं होतं, टाकी आपल्याकडं आहेच, माणसं तयार आहेत, डिझेल जनरेटर काढून तो सॉलिड ऑक्साइड सेल बसवू. ते म्हणले, अरे तो तापेस्तोवर लाईट परत येईल.