अ‍ॅबरबारगॉइडचा पत्ता आणि ‘काउंटी’चा रकाना

घर अ‍ॅबरबारगॉइडला (वेल्स), कौन्सिल टॅक्सच्या म्हणजे घरपट्टीच्या बिलावर कॅर्फिली काउंटी बरो, बँकेच्या स्टेटमेंटवर मिड ग्लॅमॉर्गन आणि गाडीच्या विम्यावर ग्वेंट. आता पासपोर्ट नूतनीकरणाच्या फॉर्मात काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) कुठली टाकू, हा तुमचा प्रश्न वाचून डोक्यात तिडीकच गेली. तुमच्यावर नाही हो. आम्ही याच खोऱ्यात राहतो आणि याच रकान्यावरून आमचं एक प्रकरण लटकलं होतं.

रकाना रिकामा सोडू देत असतील तर सोडा. रॉयल मेलला १९९६ पासून काउंटी लागत नाही, पोस्ट टाउन (टपालासाठी धरलेलं जवळचं मुख्य गाव) आणि पोस्टकोडवर पत्र बरोबर येतं. सोडता येत नसेल तर ‘कॅर्फिली’. मिड ग्लॅमॉर्गन चुकूनही नको.

त्रांगडं नदीचं आहे. रम्नी नदी ही ग्लॅमॉर्गन आणि मॉनमथशायरची जुनी शीव. पश्चिम काठावरचं बारगॉइड ग्लॅमॉर्गनचं, समोरचं तुमचं गाव मॉनमथशायरचं. खाली कॅर्फिली आणि बेडवसचंही तेच. आणि ही शीव नुसती नकाशात नव्हती. १८८१ च्या कायद्याने वेल्समधले पब रविवारी बंद झाले, पण मॉनमथशायरला तो १९२१ पर्यंत लागू नव्हता. म्हणजे ग्लॅमॉर्गनच्या काठावरच्या तहानलेल्यांनी रविवारी फक्त पूल ओलांडायचा! पेन्गॅमला तर दोन रेल्वे स्टेशनं होती, एक ‘ग्लॅम’चं, एक ‘मॉन’चं.

१९७४ मध्ये दोन्ही काठ मिळून रम्नी व्हॅली हा डिस्ट्रिक्ट केला आणि तो मिड ग्लॅमॉर्गन या नव्या काउंटीत घातला. तुमचं गाव तेव्हा मॉनमथशायरमधून उचललं गेलं. पलीकडची ब्लॅकवुड, रिस्का वगैरे गावं इस्लुइन नावाने ग्वेंट काउंटीत गेली. १ एप्रिल १९९६ ला वेल्समधला हा दोन-मजली कारभार (वर काउंटी, खाली डिस्ट्रिक्ट) मोडीत काढला, सगळीकडे एकेरी कौन्सिलं आली, एकूण २२. त्यात रम्नी व्हॅली आणि इस्लुइन एकत्र होऊन कॅर्फिली काउंटी बरो झाला. मिड ग्लॅमॉर्गन आणि ग्वेंट ही नावं लॉर्ड लेफ्टनंटसारख्या मानाच्या पदांपुरती उरली, आणि २००३ मध्ये त्या हिशेबातही आख्खा बरो ग्वेंटकडे गेला. पोलीसही ग्वेंटचेच. त्यामुळे विमावाल्यांचं ग्वेंट अगदीच हवेतलं नाही, पण त्या नावाची कौन्सिल आज नाही.

हे सगळं मी एका कार्यालयाच्या खिडकीवर समजावून पाहिलं. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. आतल्या बाईंनी कौन्सिलचं बिल आणि बँकेचं स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवलं, पेनाने एकावर ‘कॅर्फिली’ आणि दुसऱ्यावर ‘मिड ग्लॅमॉर्गन’ खाली रेघ मारली आणि म्हणाल्या, “पत्ते दोन आहेत.” घर नंबर तोच, रस्ता तोच, पोस्टकोड तोच. तिकडे बघायलाच तयार नाहीत. वर तोडगा काय, तर मिड ग्लॅमॉर्गन कौन्सिलचं पत्र आणा! १९९६ ला गाशा गुंडाळलेल्या कौन्सिलचं पत्र आणायचं कुठून? वरिष्ठांना भेटू म्हटलं तर ते जेवायला गेलेले. फाइल परत आली, फी परत आली नाही, आणि या सगळ्यात भाच्याची मुंज हुकली. घरच्यांना अजून वाटतं की आम्हीच आळस केला.

म्हणून माझं स्पष्ट मत: खिडकीपलीकडच्या माणसाला भूगोल शिकवायला जाऊ नका. त्यांना कागदावरची अक्षरं जुळलेली हवी असतात, बाकी कशाशी घेणंदेणं नाही. आधी बँकेला सांगून पत्त्यातून काउंटी काढून टाका. ‘सिस्टीम आपोआप भरते’ असं म्हणतील, हटू नका, शाखेत जाऊन बसा. नवीन स्टेटमेंट हातात आलं की विमाही तसाच करून घ्या आणि मगच अर्ज भरा. पोस्ट टाउन बारगॉइड, पोस्टकोड सीएफ८१ ने सुरू होणारा, सगळीकडे अगदी एकसारखं. तुमच्या ओळखीचं कुणी नेल्सनला राहत असेल तर त्यांना आणखी जपून राहायला सांगा, त्यांचं पोस्ट टाउन ट्रीहॅरिस, आणि ट्रीहॅरिस मर्थर टिडफिल बरोमध्ये येतं, नेल्सन मात्र कॅर्फिलीत.

मी काही वकील नाही, फॉर्म आणि नियम बदलत असतात, तेव्हा भरण्याआधी ताज्या सूचना वाचा.

जाता जाता, तुम्ही बाळाचं लिहिलंय म्हणून. बाळंतपण कुम्ब्रानजवळच्या ग्रेंज हॉस्पिटलमध्ये झालं तर ते टोरवाइन बरोमध्ये येतं, त्यामुळे जन्माची नोंद ४२ दिवसांत टोरवाइनच्या रजिस्ट्रारकडे. ते लांब पडत असेल तर दुसऱ्या रजिस्ट्रारकडे माहिती देता येते, पण कागद शेवटी टोरवाइनलाच जातात आणि वेळ जास्त लागतो. दाखल्याच्या एक-दोन जास्तीच्या प्रती तेव्हाच मागून घ्या, आणि पुढे बाळाच्या फॉर्मात जन्मस्थळ दाखल्यावर असेल तसंच्या तसं उतरवा, घरचा पत्ता बघून कॅर्फिली लिहू नका.