पहिली नोकरी घरून की हिंजवडीतून?

पत्र: लेक यंदा कॉम्प्युटर इंजिनिअर झाली. हातात दोन नोकऱ्या आहेत, पगार जवळपास सारखाच. एक हिंजवडीत, पाचही दिवस ऑफिस. दुसरी पूर्णपणे घरून. घरून केली तर खोली आणि मेसचे महिना १२ हजार वाचतील, पोरगी डोळ्यांसमोर राहील. घरचीच बरी ना? – एक आई, कराड

ताई,

हिशोब तुमचा चुकलेला नाही. वर्षाचे १ लाख ४४ हजार होतात, आणि नव्या इंजिनिअरच्या पगारातून ते गेलेले खुपतातच. भुमकर चौकातली ट्रॅफिकही मी भोगलेली आहे. तरी माझं मत हिंजवडीकडे झुकतं.

पहिल्या नोकरीतलं निम्मं शिक्षण कानावर पडून होतं. शेजारच्या टेबलावर दोन सीनिअर भांडत असतात, 'हे बदललंस तर पेमेंट अडकेल', ते आपण ऐकतो. एरर आला की खुर्ची सरकवून 'सर, दोन मिनिटं' म्हणता येतं. घरी तोच प्रश्न टाइप करावा लागतो. पोर लिहिते, पुसते, एवढं साधं विचारलं तर हसतील म्हणून पुन्हा लिहिते, आणि त्यातच संध्याकाळ होते. माझा एक विद्यार्थी २०२१ साली नोकरीला लागला. लॅपटॉप कुरियरने आला, दीड वर्ष घरून काम केलं, काम चोख. मग दुसरीकडे मुलाखतीत विचारलं, 'तुम्ही लिहिलेला कोड ग्राहकाच्या कुठल्या कामाला यायचा?' गडी तिथेच अडकला. तिकीट, म्हणजे करायच्या कामाची नोंद, यायचं, तो ते काम करून बंद करायचा. पलीकडे काय चाललंय ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

घरून काम वाईट, असं नाही. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम कंपनीच्या १,६१२ कर्मचाऱ्यांवरचा प्रयोग २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करणाऱ्यांत नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं, बढतीत फरक पडला नाही. पण उरलेले तीन दिवस ती माणसं ऑफिसातच होती.

शिवाय 'घरून' हे कायमचं असेलच असं नाही. २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्केच लोक ऑफिसात लागतील, असं टीसीएसने २०२० मध्ये म्हटलं होतं. २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्यांनीच पाचही दिवस बोलावलं. तेव्हा ऑफर लेटरमध्ये कामाचं ठिकाण काय लिहिलंय, ते नीट वाचायला सांगा.

आणि रागावू नका, पण 'घरीच आहेस तर कुकर बंद कर', 'आत्या आलीय, जरा बाहेर येऊन बस' हे मुलापेक्षा मुलीलाच जास्त ऐकावं लागतं. मीटिंग चालू असली तरी.

सही करण्याआधी मात्र तिने हिंजवडीच्या एचआरला एक विचारावं: मॅनेजर आणि टीम तिथेच बसते का? टीम बंगळुरूला आणि ही एकटी हिंजवडीत असेल, तर माझं मत मी मागे घेतो. रोज बस पकडून जायचं आणि हेडफोन लावून बंगळुरूशीच बोलायचं, त्यापेक्षा कराड बरं. मग दुसऱ्या कंपनीला विचारा, नव्या माणसाला कोण शिकवतं, सुरुवातीचे दोन-तीन महिने ऑफिसात बोलावतात का.

बाकी, अख्ख्या पत्रात लेकीला काय वाटतं ते एका ओळीनेही आलेलं नाही. एचआरचं उत्तर आलं की मला तिनेच कळवावं.